माघातली चंपाषष्ठी

बीडच्या बसस्थानकावर सकाळी साडेसातला उभी होते तेव्हा माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, खांद्याला पर्स होती, काखेत पाण्याची बाटली होती आणि शेजारी आमचे हे रिकाम्या हातांनी उभे होते. येणारे-जाणारे माझ्याकडे दयेने आणि यांच्याकडे रागाने बघत होते. यांनी दोनदा पिशवीला हात घातला आणि दोन्ही वेळा मी तो झटकला.

"अगं, भरीत हाय त्याच्यात, लोखंड न्हाई," हे म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणालेत? तीन महिने काही उचलायचं नाही. काही म्हणजे काही."

हे बसच्या वाटेकडे बघायला लागले. विषय टाळण्यात हल्ली फार पटाईत झालेत.

यांचं बीडमध्ये मोटारी भरायचं दुकान आहे (विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून देणं, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात). तीस वर्षं हा माणूस मोटारी टेम्पोतून एकट्याने उतरवत आला. मार्गशीर्षात, चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, अशीच एक मोटार उतरवून ते दुपारी जेवायला घरी आले. मी मिक्सरवर दाण्याचा कूट करत होते. मागे वळले तर हे स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभे. शर्ट घामाने भिजलेला आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यानंतरचे नऊ दिवस दवाखान्यात गेले. हृदयात दोन स्टेंट बसले. घरी आलो तेव्हा माझ्या लेखी गुन्हेगार एकच होती, ती मोटार.

चंपाषष्ठी म्हणजे आमच्या कुलदैवताचा, खंडोबाचा सण. आषाढी एकादशीपासून आमच्या घरात वांगं, कांदा आणि लसूण बंद होतो. चंपाषष्ठीला देवाला वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि बाजरीचा रोडगा (निखाऱ्यावर भाजलेली जाड भाकर) दाखवला की मगच ते पुन्हा ताटात येतं. यंदा नैवेद्य दाखवायला कुणी घरीच नव्हतं. दवाखान्यातून परतले तेव्हा त्या दिवसासाठी आणलेली वांगी टोपलीत सुकून पडली होती. ती बघून मी रडले. नऊ दिवसांत पहिल्यांदा रडले, आणि तेही वांग्यांसमोर. मग आम्ही दोघांनी ठरवलं की देवाला दाखवल्याशिवाय वांगं तोंडात घालायचं नाही. जाऊबाई म्हणाल्या, आजारपणात सगळं माफ असतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पण आम्ही दोघंही हट्टी. यांना प्रवास झेपला की गावच्या खंडोबालाच जाऊन नैवेद्य दाखवायचा असं ठरलं, आणि अशी आमची चंपाषष्ठी लांबत लांबत माघात आली.

एवढंच असतं तर मी मजेत प्रवासाला निघाले असते. पण यांच्या मूळ गावच्या टेकाडावरच्या खंडोबाला नव्या जोडप्याने जायची एक रीत आहे. नवऱ्याने नवरीला उचलून पहिल्या पाच पायऱ्या चढायच्या. सव्वीस वर्षांपूर्वी यांनीही मला उचललं होतं, आणि तिसऱ्या पायरीवर तोल जाऊन आम्ही दोघं आपटलो होतो. माझ्या कोपरावर अजून खूण आहे. तेव्हापासून सासरचं प्रत्येक माणूस यांना विचारतं, "दत्ता, राहिलेल्या दोन पायऱ्या कधी?" हे हसून सोडून देतात, पण त्यांना ते लागतं हे मला ठाऊक आहे.

निघायच्या चार दिवस आधी हे अंगणात फोनवर त्यांच्या मित्राशी, वसंताशी, बोलत होते. मी खिडकीत मेथी निवडत होते. मुद्दाम ऐकत नव्हते, पण कान काही पिशवीत घालून ठेवता येत नाहीत. हे म्हणाले, "पाच पायऱ्या, वसंता. पाच झाल्या तरी लई झालं. तिला सांगू नको, घाबरंल ती."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. माझं वजन अडुसष्ट किलो आहे. ते लपवण्यात अर्थ नाही, कारण लपवता येत नाही. दोन स्टेंट घेतलेला माणूस, सव्वीस वर्षांची टोचणी आणि अडुसष्ट किलो! मी शाळेत मराठी शिकवते, पण हा हिशेब मलाही जमला.

विचारलं असतं तर यांनी नाकबूल केलं असतं आणि तिथे जाऊन तेच केलं असतं. म्हणून मी विचारलं नाही, बंदोबस्त केला. रविवार देवाचा वार, टेकाडावर गर्दी असते, आणि चार पोरं "उचला काका, उचला" म्हणून ओरडली की या माणसाला चेव येणार. तेव्हा मी शाळेतून रजा काढली आणि मंगळवार ठरवला. बघणारंच कुणी नसलं तर उचलणार कुणासाठी?

गेवराईची बस लागली. हे बाजूला उभे राहून सगळ्यांना आधी चढू देत होते. शेवटी दाराच्या दांड्याला धरून दोन क्षण थांबले, मग एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत चढले. मी मनात म्हटलं, बघा, ताकद राखून ठेवतोय माणूस.

गेवराईपर्यंत रस्ता चांगला आहे. खिडकीबाहेर ज्वारी हुरड्याला आली होती, कपाशीची शेवटची वेचणी चालू होती, आणि उसाचे ट्रॅक्टर बसला वाट देत नव्हते. हे खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसले. मी दर पाच मिनिटांनी त्यांच्या छातीकडे बघत होते, वरखाली होतेय ना म्हणून. एकदा ते डोळे न उघडता म्हणाले, "हाय मी."

गेवराईला उतरताना गडबड झाली. हे वरच्या फळीवरची पिशवी काढायला उठले, मी त्यांना खाली बसवलं, स्वतः चढून पिशवी ओढली, दुसरी कंडक्टरकडून घेतली, बाटली काखेत मारली आणि विजयी मुद्रेने खाली उतरले. बस निघून गेल्यावर लक्षात आलं की सांडू नये म्हणून पिशवीतून काढून सीटखाली ठेवलेला भरिताचा डबा बसमध्येच राहिला. पहाटे चारला उठून भाजलेली वांगी आता आमच्याशिवायच पुढच्या गावाला निघाली होती.

"मी घेतला असता," हे म्हणाले.

"तुम्ही काही घ्यायचं नाही."

"मंग देव बी उपाशी अन् मी बी."

मला खूप काही बोलायचं होतं, पण तेवढ्यात शेवगावकडची बस आली आणि उमापूरला उतरेपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. उमापूर मोठं गाव आहे. फाट्यावर चहाच्या टपऱ्या, खताची दुकानं आणि रिक्षांची रांग. पुढे सात किलोमीटरवर यांची वाडी. आता तिथे आमचं घर नाही, रान नाही, फक्त देव राहिलाय.

रिक्षावाला पन्नाशीचा होता. नाव महेबूबभाई. टेकाडावर जायचंय म्हटल्यावर त्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आज मंगळवारी? कावून? खंडोबाचा वार तर परवाच झाला."

"चंपाषष्ठी करायची आहे," मी म्हटलं.

"चंपाषष्ठी?" त्याने बोटांवर महिने मोजले. "लई उशीर केला की हो ताई."

मी त्याला सगळं सांगितलं. मोटार, दवाखाना, वांगी, डबा, सगळं. चिंता लागली की मला बोलायला कुणीही चालतं. पायऱ्यांचं तेवढं सांगितलं नाही, कारण हे शेजारीच बसले होते. महेबूबभाईने अर्ध्या वाटेत रिक्षा एका मळ्याशी थांबवली, बांधावरून कुणाला तरी हाक मारली आणि चार काटेरी वांगी आणि पातीची जुडी माझ्या मांडीवर आणून ठेवली. देठ अजून ओले होते.

"आमच्या आजोबाचा बी मान हाय त्या देवाला," तो किक मारत म्हणाला. "मल्लूखान म्हणायचे ते खंडोबाला. आमी बी भंडारा लावतो कपाळाला, कुणी कायबी म्हणू द्या." (भंडारा म्हणजे देवाची हळद.)

टेकाडाच्या पायथ्याशी गुरवाचं घर आहे. दगडूमामा गुरव सत्तरीचे, कानात बाळी, अंगात बंडी. त्यांची मालकीण लेकीकडे गेलेली, पण चूल पेटलेली होती. त्यांनी काही न विचारता वांगी निखाऱ्यात सरकवली. मी घरून आणलेलं बाजरीचं पीठ मळून रोडगे थापले. भाजल्या वांग्याचा वास आला तसे हे चुलीजवळ येऊन बसले आणि मुकाट्याने सालं काढू लागले. सात महिन्यांनी वांग्याला हात लागला होता. सोलता सोलता ते सारखे दाराबाहेर टेकाडाकडे बघत होते. ते मी पाहिलं, आणि मला वाटलं, भूक लागलीय, नैवेद्याची घाई झालीय.

"तळी भराया माणसं कुटायत?" दगडूमामांनी विचारलं.

तळी भरणं म्हणजे ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा ठेवून ते पाच जणांनी मिळून तीनदा उचलायचं. चंपाषष्ठीला टेकाडावर पाचच काय, पाचशे माणसं असतात. मी मात्र माणसं नसावीत म्हणून मंगळवार काढला होता. चोराच्या भीतीने घराला एवढी कुलपं लावली की आता मलाच आत जाता येईना.

"हे एक, मी दोन," दगडूमामा बोटं मोजत म्हणाले. "महेबूब तीन. वर धनगर हाय मेंढरं घेऊन, तो चार. पाचवा बघावा लागंल."

"बघू वर गेल्यावर," हे म्हणाले.

दगडूमामा आणि महेबूबभाई ताम्हण आणि नैवेद्य घेऊन पुढे गेले. पायऱ्यांपाशी आम्ही दोघंच उरलो. एकूण एकवीस पायऱ्या. पहिल्या पाच जुन्या, काळ्या दगडाच्या, रुंद आणि झिजलेल्या, वरच्या नंतर बांधलेल्या. तिसरीला एक टवका उडालेला आहे. सासरचे म्हणतात, तो आम्ही पडलो तेव्हाचा.

मी आधीच ठरवलं होतं. यांनी जवळ येऊन हात पसरायच्या आत मी पदर खोचला आणि एका दमात पाच पायऱ्या चढून गेले. सहाव्या पायरीवर उभी राहून धापा टाकत मागे वळले. आता उचला म्हणावं कुणाला उचलता ते.

हे खालीच होते. पायऱ्यांच्या कडेला जुना दगडी खांब आहे, तो त्यांनी एका हाताने घट्ट धरला होता. चेहरा पांढरा पडला होता. कपाळावर घाम. अगदी त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात होता तसाच.

मी कशी खाली आले ते मला आठवत नाही. पर्समधली जिभेखाली ठेवायची गोळी काढली, ती हातातून पडली, पुन्हा उचलली. महेबूबभाईला हाक मारायला तोंड उघडलं, तर यांनी माझं मनगट धरलं.

"दुखत न्हाई कुटं. खरंच न्हाई दुखत. गोळी नको."

"मग?"

"पाय उचलत न्हाई."

मी त्यांना पहिल्या पायरीवर बसवलं.

"तुम्हाला मला उचलायचं होतं ना?" मी शेवटी विचारलं. "वसंताभावजींना सांगत होतात. पाच पायऱ्या."

त्यांनी मान वर केली. आधी त्यांना काही कळेना. मग कळलं, आणि तशा अवस्थेतही त्यांना हसू आलं.

"तुला? उचलायचं? अगं, येडी का तू? मी माझ्याबद्दल बोलत होतो. माझ्या सोताच्या पाच पायऱ्या."

मग त्यांनी सांगितलं. त्या दुपारी दुकानातून आल्यावर ते आधी स्वयंपाकघरात आलेच नव्हते. कपडे बदलायला जिन्याने वर निघाले होते. पाचव्या पायरीवर छातीत कळ आली आणि ते तिथेच खाली बसले. तिथून त्यांनी मला हाक मारली. एकदा नाही, तीनदा.

"तुझा मिक्सर चालू होता," ते म्हणाले.

मला वाटायचं की त्या दिवसाचं मला सगळं माहीत आहे. मी सगळ्यांना तो दिवस सांगत फिरले होते, मोटारीला शिव्या घालत. हे जिन्यात बसून मला हाका मारत होते आणि मी चार हातांवर दाण्याचा कूट करत होते, हे मला दोन महिन्यांनी, या पायरीवर कळत होतं.

"कावून सांगितलं न्हाई?" मी विचारलं. रडू आलं की माझी भाषाही माहेरची होते.

"सांगून काय? तू मिक्सर फेकून दिला असता." थोडं थांबून ते म्हणाले, "मंग बसत बसत खाली आलो. तवापासून जिना चढलोच न्हाई मी. डॉक्टर म्हणतो, रोज चढा, कायबी होत न्हाई. तू औषधं आणाया गेलतीस तवा म्हणाला. पण पाचवी पायरी आली की वाटतं, इथं काय झालं तर हिला आवाज बी जायचा न्हाई."

दोन महिने हे खाली दिवाणावर झोपत होते. टीव्ही बघता बघता झोप लागते म्हणायचे. मी रोज टीव्ही बंद करून, पांघरूण घालून वर जात होते आणि मनात म्हणत होते, टीव्हीचं वेड लागलंय म्हाताऱ्याला. दोन महिने मी त्यांच्या हातांवर नजर ठेवून होते. भीती पायांत होती.

मला माझाच राग आला. असा राग आला की मी उठून उभी राहिले आणि त्यांच्यापुढे हात केला.

"उठा. मी शेजारी आहे. इथे मिक्सर नाही."

पहिली पायरी चढलो. दुसरी. तिसऱ्या पायरीवरच्या टवक्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, "इथं पडलो होतो." चौथी. पाचव्या पायरीवर त्यांनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. आम्ही तिथे थांबलो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. वरून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. मग त्यांनी सहाव्या पायरीवर पाय ठेवला. मी मोजणं बंद केलं. वर पोहोचलो तेव्हा महेबूबभाई म्हणाला, "लई टाइम लावला राव. आमाला वाटलं परत गेले."

गाभाऱ्यात थंडावा होता. हळदीने सगळं पिवळं झालेलं. दाराबाहेर, खाली सगळं काळं रान दिसत होतं, मध्येच हरभऱ्याचे हिरवे तुकडे, आणि कालव्याच्या पाण्यावर ऊन. धनगर आला. तो फारसा बोलणारा नव्हता. काठी भिंतीला टेकवून, हात धुऊन तो ताम्हणापाशी येऊन बसला. चार जण झाले. दगडूमामांनी खाली वाडीकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"बाई चालती का पाचवी?" हे म्हणाले.

दगडूमामांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. त्यांनी देवाकडे बघितलं. खंडोबाच्या शेजारी त्याची म्हाळसा बसलेली आहे, घोड्यावरही त्याच्याबरोबरच असते.

"आजपोत बसली न्हाई कुणी," ते म्हणाले. "पण माघात चंपाषष्ठी बी केली न्हाई कुणी. बसा."

मी बसले. पाच हात ताम्हणाच्या काठाला लागले. यांचा हात माझ्या हाताशेजारी होता.

"येळकोट येळकोट!" दगडूमामा म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी "जय मल्हार" म्हणत ते उचललं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा यांनी ते कपाळापर्यंत नेलं. या वेळी मी त्यांचा हात झटकला नाही. पाचांत वाटलेलं ताम्हण किती जड असणार!

मग देवाला भरीत-रोडगा दाखवला आणि आम्ही पाच जण देवळाच्या ओट्यावर जेवलो. भरितात मीठ कमी होतं, डॉक्टरांच्या हुकुमाने. यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. महेबूबभाईने पातीचा कांदा बुक्कीने फोडला. धनगर एकच वाक्य बोलला, "वांगं चांगलं हाय," आणि अर्धा रोडगा आणखी मागून घेतला. आमचा सण झाला.

परतीला गेवराईच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीपाशी आमचा डबा ठेवलेला दिसला. सकाळच्या बसच्या कंडक्टरने परत येताना दिला होता. डब्यातलं भरीत आंबलं होतं, ते टाकून दिलं, डबा मात्र चकचकीत होता. बसमध्ये चढताना मी एक पिशवी यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि माझ्याकडे बघितलं. पिशवीत रिकामा डबा आणि भंडाऱ्याची पुडी एवढंच होतं.

बीडला घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. प्रवासाहून आलं की घर थोडं परकं वाटतं म्हणतात. मला जिना परका वाटला. चौदा पायऱ्या. रोज चढते-उतरते, पण कधी मोजल्या नव्हत्या. आमच्या लग्नाच्या सगळ्या गमती मी सव्वीस वर्षं त्या दगडी पायऱ्यांवरून सांगत आले, आणि आमची खरी पायरी घरातच होती, तिच्यावरून मी रोज ये-जा करत होते.

मी देवापाशी दिवा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन खिचडीची डाळ धुवायला घेतली. बाहेर दिवाणाची कुरकुर ऐकू आली नाही. टीव्हीही लागला नाही. मी नळ बंद केला.

पाऊल वाजलं. मग दुसरं. एका पायरीवर दोन्ही पाय टेकत, सावकाश. मी डाळीच्या पाण्यात हात तसेच ठेवून उभी राहिले. तीन. चार. पाच.

पाचवर थांबलं.

बाहेर जाऊ नये, असं मला वाटलं. जावंसंही वाटलं. मी जागची हलले नाही.

"ऐकू येतंय का गं?" जिन्यातून आवाज आला.

"येतंय," मी म्हणाले.

मग सहावं पाऊल वाजलं.